घर वाचविणारे कर्ज कोणाच्या हाती?

सावकारीचा प्रश्न निघाला की आपल्या सभांतून एक ठराव हमखास एकमताने संमत होतो : सावकाराविरुद्ध कडक कायदा करा. असे कायदे महाराष्ट्रात दीडशे वर्षे होत आले आहेत. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या जळाल्या आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. १९४६ साली मुंबई सावकारी कायदा झाला, १९४७ साली शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा झाला, १९७५ साली ऋणमुक्तीचा वटहुकूम निघाला आणि २०१४ साली महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम अमलात आला. इतके होऊनही सावकार संपलेला नाही. याचे खापर केवळ भ्रष्ट अंमलबजावणीवर फोडून चालणार नाही. या कायद्यांनी कर्ज देणाऱ्याने काय करू नये हे सांगितले. ज्याच्या दारावर जप्तीची नोटीस लागली आहे त्याला उद्या सकाळी कर्ज कोणी द्यावे, हे मात्र त्यांनी सांगितले नाही. ते कर्ज देणे हा आज खाजगी धंदा आहे आणि तो अतिशय किफायतशीर आहे. तो सार्वजनिक जबाबदारीचा विषय झाला पाहिजे, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

देवगड तालुक्याची अर्थव्यवस्था पाहिली म्हणजे हा प्रश्न पुस्तकी नाही हे ध्यानात येईल. येथील मिळकत वर्षाच्या बारा महिन्यांत सारखी वाटलेली नसते. हापूसचा पैसा मार्च ते मे या काळात हाती येतो. मोहोराच्या वेळी थ्रिप्स पडले किंवा अवकाळी पाऊस झाला तर तोही येत नाही. मासेमारी १ जून ते ३१ जुलै कायद्यानेच बंद असते. सिंधुदुर्ग हा १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला; तेव्हापासून अनेकांनी कर्ज काढून घरालगत पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या, पण पावसाळ्यात त्या रिकाम्या असतात. बँकेचा हप्ता मात्र दरमहा ठरल्या तारखेस भरावा लागतो. पीककर्जाची थकबाकी हंगामाच्या हिशेबाने मोजतात. घरासाठी किंवा धंद्यासाठी काढलेल्या कर्जाला ही सवलत नाही. ९० दिवस हप्ता थकला की खाते अनुत्पादक ठरते. कोकणच्या किनाऱ्यावर ९० दिवस म्हणजे एक पावसाळासुद्धा पुरता होत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गेले, तेव्हा त्याच्या मागे कोरोनाचे वर्ष उभे होते. अशा लागोपाठच्या आघातांत ज्यांचे हप्ते थकले त्यांना कर्जबुडवे म्हणणे हा शब्दांचा अपव्यवहार आहे.

आता कायद्याचे यंत्र कसे चालते ते पाहू. २००२ चा सरफेसी कायदा मोठ्या थकबाकीदार कारखानदारांकडून वसुली व्हावी या नावाने आणला गेला. त्याच्या कलम १३(२) खाली बँक ६० दिवसांची नोटीस देते. मुदत संपली की कोणत्याही न्यायालयात दावा न लावता तिला गहाण मालमत्तेचा ताबा घेता येतो आणि कलम १४ खाली जिल्हा दंडाधिकाऱ्याचे साहाय्य मिळते. कलम ३४ ने दिवाणी न्यायालयाचा दरवाजा बंद केला आहे. दाद मागायची ती कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे, ४५ दिवसांत. आणि ही न्यायाधिकरणे मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांत आहेत. देवगडच्या खलाशाने वा बागायतदाराने तेथवर जायचे, वकील करायचा आणि तारखा घ्यायच्या! या कायद्याच्या कक्षेत सहकारी बँकाही येतात, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२० मध्ये मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या प्रकरणात निश्चित केले. म्हणजे गावच्या माणसाला अधिक जवळची वाटणारी सहकारी बँकसुद्धा आज याच हत्याराने वसुली करू शकते.

या कायद्यातील एक विसंगती कोकणात फार बोचते. कलम ३१ अन्वये शेतजमिनीवरील तारण कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. ही तरतूद योग्यच आहे. पण त्याचा परिणाम असा की ज्याची आंब्याची बाग आहे त्याची बाग या कायद्याच्या तडाख्यातून सुटते, आणि ज्याच्याजवळ बिनशेती जागेवरचे चार भिंतींचे घर एवढेच आहे, त्याचे घर जाते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने शेतकरी, मजूर आणि घरगडी यांचे राहते घर जप्तीपासून मुक्त ठेवले आहे. राहत्या छपराला हात लावू नये हे तत्त्व इंग्रजांच्या काळातील कायद्यालाही मान्य होते. सरफेसीने ते तत्त्व कागदावर राखले, पण कर्जासाठी खास तारण दिलेली मालमत्ता त्यातून वगळली. गरिबाचे घर तारणावाचून कोणती बँक कर्ज देते? तेव्हा हे संरक्षण नेमके जेथे लागते तेथेच ते उरत नाही.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. गहाण सोडविण्याचा हक्क हा ऋणकोचा सर्वांत जुना हक्क. २०१६ च्या दुरुस्तीने सरफेसीखाली तो लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच ठेवला, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये बाफना मोटर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. पूर्वी विक्री पुरी होईपर्यंत पैसे भरून घर सोडविता येत असे. आता जाहिरात छापून आली की तो हक्क संपतो. साहजिकच नोटीस आलेल्या माणसाला पैसा लवकर हवा असतो, आणि ज्याला पैसा लवकर हवा असतो त्याला तो महाग मिळतो.

नेमक्या याच वेळी घर वाचविणारा भेटतो. तो तालुक्यातलाच असतो, ओळखीचा असतो, कधी नात्यातलाही असतो. तो म्हणतो, ‘बँकेचे मी भरतो, तू घाबरू नकोस. फक्त माझ्या समाधानासाठी घराचे खरेदीखत करून दे. पैसे परत केलेस की घर तुझ्या नावावर करून देईन.’ आकडे घालून पाहू. समजा घराची किंमत ३० लाख आहे आणि बँकेचे देणे ९ लाख. हा परोपकारी गृहस्थ ९ लाख भरतो, तेवढ्याच किमतीचे खरेदीखत नोंदवून घेतो आणि तोंडी ठरलेले व्याज शेकडा ३ रुपये दरमहा घेतो. नुसते व्याज महिन्याला २७,००० रुपये झाले. हेच ९ लाख शेकडा ९ वार्षिक दराने १५ वर्षांच्या मुदतीने मिळाले असते तर मुद्दलासकट हप्ता सुमारे ९,१०० रुपये पडला असता. जो ९,१०० भरू शकतो पण २७,००० भरू शकत नाही, असा माणूस वर्ष-दीड वर्षात कोलमडतो आणि ३० लाखांचे घर ९ लाखांत जाते. त्याला घरापासून तोडले ते त्याच्या नादारीने नव्हे, दोन व्याजदरांतील अंतराने.

कायदा येथे काय करतो? मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८ मध्ये सशर्त विक्रीने केलेले गहाण मान्य आहे. परंतु १९२९ च्या दुरुस्तीने असे ठरविले की परत विक्रीची अट त्याच दस्तऐवजात लिहिलेली नसेल तर तो व्यवहार गहाण मानू नये. त्यामागचा हेतू पुढील तंटे टाळण्याचा असेल. फायदा मात्र कागद लिहून घेणाऱ्याला झाला. अट वेगळ्या कागदावर लिहायची, नोटरीपुढे सही करायची, किंवा नुसता शब्द द्यायचा, की गहाणाची विक्री होते. १८७९ च्या कायद्याने दस्तऐवजाच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला होता, आणि त्या कायद्याचे विशेष न्यायाधीश म्हणून न्यायमूर्ती रानड्यांनी काम केले होते. करार करणारे दोन पक्ष कागदावर समान दिसले तरी व्यवहारात समान नसतात, हे एकोणिसाव्या शतकात ज्ञात असलेले सत्य आपण विसाव्या शतकात विसरलो. २०१४ च्या अधिनियमाने ते अंशतः पुन्हा मान्य केले. सावकारीच्या ओघात बळकावलेली स्थावर मिळकत मूळ मालकास परत देण्याचा आदेश सहकार खात्याचा जिल्हा उपनिबंधक कलम १८ खाली देऊ शकतो. ही तरतूद मोलाची आहे. पण व्यवहार सावकारीचा होता हे दाखविण्याचा भार प्रत्यक्षात ज्याचे घर गेले त्याच्यावर पडतो आणि त्याच्याजवळ पुरावा म्हणून बहुधा एक शब्द असतो.

दुसरी फट अधिक रुंद आहे. राज्य शासनाने परवानाधारक सावकाराचे दर ठरविले : शेतकऱ्यास तारणी कर्ज शेकडा ९, विनातारण १२, इतरांस अनुक्रमे १५ आणि १८. याउलट रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या बिगर-बँक वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये केरळ व गुजरातच्या कायद्यांसंबंधी दिला, आणि त्या कंपन्यांच्या व्याजाला रिझर्व्ह बँकेनेही कमाल मर्यादा घातलेली नाही. म्हणजे पेढीवरच्या सावकाराने १५ च्या वर घेतले तर गुन्हा, आणि वातानुकूलित कचेरीतल्या कंपनीने त्याहून कितीही अधिक घेतले तरी तो बाजारभाव. जुन्या हिंदू कायद्यातील दामदुपटाचा नियम मुंबई इलाख्यातील न्यायालये पाळीत असत : व्याज मुद्दलापेक्षा अधिक एका वेळी वसूल करता येत नसे. आजच्या सुधारलेल्या व्यवस्थेला तेवढीही लाज उरलेली नाही.

येथे बँकवाल्यांचा आक्षेप पुढे येतो, आणि तो टाळून जाणे योग्य नव्हे. ते म्हणतात, बँकेचा पैसा हा ठेवीदारांचा पैसा. थकबाकीदारांना अभय दिले तर प्रामाणिक फेडणारा मूर्ख ठरेल. पतशिस्तीचा हा मुद्दा मला मान्य आहे. सहकारी बँक बुडाली तर प्रथम सामान्य ठेवीदारच बुडतो. मला एवढेच विचारावयाचे आहे की ही पतशिस्त वर्गागणिक का बदलते? उद्योगसमूह थकला की त्याच्यासाठी २०१६ ची दिवाळखोरी संहिता आहे, धनकोंची समिती आहे, पुनर्रचनेची योजना आहे. व्हिडिओकॉनच्या प्रकरणात सुमारे ६४,८०० कोटींच्या मान्य देण्यापोटी २,९६२ कोटींची योजना धनकोंनी स्वीकारली आणि जून २०२१ मध्ये मुंबईच्या न्यायाधिकरणाने ती मंजूरही केली. पुढे जानेवारी २०२२ मध्ये अपिलात ती रद्द झाली, ही गोष्ट खरी. पण शंभरातील पाच रुपयांहून कमी घेऊन देणे मिटवावयास बँका तयार झाल्या होत्या, हे त्यामुळे पुसले जात नाही. जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने हेतुपुरस्सर कर्ज बुडविणाऱ्यांशीही तडजोड करण्याची मुभा बँकांना दिली. त्याच दिवाळखोरी संहितेचा सामान्य व्यक्तींसाठी असलेला तिसरा भाग मात्र, कंपन्यांच्या जामीनदारांचा अपवाद सोडल्यास, अजून अमलात आणलेला नाही. देवगडच्या घरमालकासाठी आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच आहे. मोठ्याला पुनर्रचना आणि लहानाला लिलाव, याला पतशिस्त हे नाव शोभत नाही.

कर्जमाफी हे मात्र याचे उत्तर नाही, हे आपल्या कार्यकर्त्यांना स्पष्टपणे सांगितले पाहिजे. १९९० साली अर्थमंत्री या नात्याने प्रा. मधु दंडवते यांनी १०,००० रुपयांपर्यंतच्या ग्रामीण कर्जांना माफी देणारी योजना मांडली. ते ज्या राजापूर मतदारसंघाचे प्रतिनिधी होते त्यात देवगड होते. त्या काळी त्या माफीला अर्थ होता. परंतु माफीने मागचे पान कोरे होते. पुढचे कर्ज कोठून आणावे हे ती सांगत नाही. १९७५ च्या ऋणमुक्तीचेही तेच झाले. त्या कायद्याची घटनात्मकता सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली उचलून धरली आणि लहान शेतकऱ्यांची, कारागिरांची, मजुरांची खाजगी कर्जे रद्द ठरली. पण त्यानंतर लग्नाला, आजारपणाला, पावसाळ्याला पैसा देणारी दुसरी संस्था तेथे उभी केली गेली नाही, म्हणून सावकार मागल्या दाराने परत आला. मी कर्जमाफी मागत नाही. मी कर्ज मागतो आहे : घर जाण्याच्या आदल्या दिवशी मिळणारे, परवडणाऱ्या व्याजाचे, लांब मुदतीचे कर्ज.

ही कल्पना स्वप्नरंजन नाही. भांडवलशाहीच्या माहेरघरी, अमेरिकेत, तिचा प्रयोग झालेला आहे. महामंदीत लक्षावधी घरे लिलावात निघाली तेव्हा जून १९३३ मध्ये रूझवेल्ट सरकारने घरमालक कर्ज महामंडळ स्थापन केले. त्याने सावकार व बँकांकडील थकलेली गहाणखते रोखे देऊन विकत घेतली आणि घरमालकांना शेकडा ५ व्याजाने, १५ वर्षांच्या हप्त्यांनी नवे कर्ज दिले. तीन वर्षांत दहा लाखांहून अधिक घरांना असे कर्ज मिळाले. सुमारे पाचातील एक घर त्यानंतरही गेले, बाकीची राहिली. १९५१ साली महामंडळाने आपला कारभार आटोपला तेव्हा सरकारच्या पदरी तोटा पडला नव्हता. त्याच महामंडळाने शहरांचे जे नकाशे केले त्यांत काळ्या लोकांच्या वस्त्या धोक्याच्या म्हणून लाल रंगाने दाखविल्या, हा कलंकही नमूद केला पाहिजे. सार्वजनिक कर्जसुद्धा जातीच्या नजरेने वाटले जाऊ शकते, ही सूचना आपल्याला त्यातून घ्यायची आहे. पुढे १९७९ साली कॅलिफोर्निया राज्याने, लिलावाच्या छायेतील घर मालकाकडून विकत घेणाऱ्यावर निर्बंध घालून, विकणाऱ्यास पाच कामकाजाच्या दिवसांत व्यवहार रद्द करण्याचा हक्क दिला.

इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. १९३५ साली मुंबई प्रांतिक सहकारी भूतारण बँक निघाली. या बँकांचा एक प्रमुख हेतू शेतकऱ्याचे सावकाराकडील जुने देणे फेडून त्याची जमीन सोडविणे हा होता. पुढे त्या भूविकास बँका झाल्या, थकबाकी आणि राजकीय वशिलेबाजी यांनी पोखरल्या गेल्या आणि शेवटी अवसायनात निघाल्या. यावरून ‘सहकार अयशस्वी झाला’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांना विचारावे : बुडालेल्या खाजगी बँकांवरून बँकव्यवसायच अयशस्वी झाला असे आपण म्हणतो काय? भूतारण बँकेची कल्पना चुकीची नव्हती. ती पुढाऱ्यांच्या मुठीत गेली, ही चूक होती.

तेव्हा आपल्या मागण्या पुढीलप्रमाणे असाव्यात. पहिली : प्रत्येक जिल्ह्यात, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या व्यवस्थेखाली पण स्वतंत्र हिशेबाचा, गृहरक्षण निधी असावा. मालक ज्या एकुलत्या एक घरात राहतो त्या घराचे थकलेले कर्ज निधीने उचलावे. मूळ बँकेने दंड व व्याजाचा योग्य भाग सोडावा. आणि नवे हप्ते आंबा व मासळीच्या हंगामानुसार बांधावेत. कोणाला कर्ज दिले याची यादी ग्रामसभेपुढे ठेवावी, म्हणजे वशिल्याला जागा उरणार नाही.

दुसरी : ज्या घरावर वसुलीची नोटीस आहे त्याची नोटिशीनंतर झालेली विक्री, उलट सिद्ध होईपर्यंत, गहाणच मानावी आणि मूळ मालकास काही वर्षे घर सोडविण्याचा हक्क द्यावा. सावकारी हा राज्यसूचीतील विषय आहे; २०१४ च्या अधिनियमात अशी दुरुस्ती विधिमंडळाला करता येईल. दिल्लीची वाट पाहत बसण्याचे कारण नाही.

तिसरी मागणी केंद्राकडे आहे : राहत्या घराचा ताबा घेण्यापूर्वी तालुक्याच्या ठिकाणी स्वतंत्र अधिकाऱ्यापुढे सुनावणी झालीच पाहिजे, आणि घर सोडविण्याचा हक्क विक्री पूर्ण होईपर्यंत पूर्ववत केला पाहिजे.

शेवटी कार्यकर्त्यांसाठी दोन शब्द. लिलावाच्या दिवशी मोर्चा नेऊन घोषणा देणे आपल्याला चांगले जमते, आणि त्याने एखादा लिलाव टळतोही. पण त्या दिवसापर्यंत खरी लढाई बहुधा हरलेली असते. ती लढाई नोटिशीच्या ६० दिवसांत आहे. नोटीस हाती आलेला माणूस लाजेने ती कोणाला दाखवीत नाही. आपण त्याच्यापर्यंत पोहोचले पाहिजे. त्याने लेखी आक्षेप घेतला तर बँकेला १५ दिवसांत सकारण उत्तर देणे कलम १३(३ए) खाली बंधनकारक आहे. हा आक्षेप लिहून देण्यास वकील लागत नाही, लिहिता येणारा कार्यकर्ता पुरतो. थकबाकीचा खातेउतारा मागून घ्यावा, दंडावर व्याज चढविले आहे काय ते तपासावे आणि हप्ते बदलून मागण्याचा अर्ज बँकेला द्यावा. घर वाचवितो म्हणून जो पुढे येईल त्याला सांगावे की पैसे देणार असाल तर गहाणखत करा, परतीची अट त्याच कागदात लिहा आणि तो नोंदवा. कोणत्याही परिस्थितीत खरेदीखतावर सही होऊ देऊ नये. आणि ज्यांची सही होऊन गेली आहे त्यांचा अर्ज जिल्हा उपनिबंधकाकडे दाखल करून द्यावा, साक्षीदार गोळा करावेत, बँकेत पैसे कोणी भरले त्याच्या पावत्या जपाव्यात. प्रत्येक तालुक्यात असे काम करणारे पाच कार्यकर्ते उभे राहिले तर गृहरक्षण निधीची मागणी घेऊन आपण विधानभवनावर जाऊ तेव्हा आपल्या हाती घोषणांबरोबर वाचविलेल्या आणि गेलेल्या घरांची गावनिहाय यादी असेल. तिला उत्तर देणे कोणत्याही सहकारमंत्र्याला जड जाईल.